सामूहिक हिंसा आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे गोळीबार होतो, कुठे बॉम्ब फुटतो, कुठे जमाव वस्ती पेटवतो. त्यानंतरच्या रविवारी, आणि पुढे कित्येक महिने, तेच ते प्रश्न येत राहतात. कुणी उपासना संपल्यावर बाजूला घेऊन विचारतं, कुणी रात्री दोन वाजता लिहून पाठवतं. इथे ते साधारण सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. आधीच एक सांगून ठेवतो. अशा घटनांनंतर मंडळींच्या, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायांच्या, हातून ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक घाईमुळे होतात: कारण सांगायची घाई, क्षमा करून मोकळं व्हायची घाई, कुणावर तरी ठपका ठेवायची घाई. त्यामुळे काही उत्तरं मुद्दामच लांबली आहेत.

१. सामूहिक हिंसा म्हणजे इथे नक्की काय धरलं आहे?

अनेक निरपराध माणसांना ठरवून मारणं. शाळेत शिरलेला बंदूकधारी, प्रार्थनास्थळातला स्फोट, जमावाने केलेली जाळपोळ, वंशसंहार हे सगळं यात आलं. भूकंप-पूर यात नाहीत, कारण तिथे "माणसाने माणसाशी असं का केलं" हा प्रश्न नसतो. घरातली मारहाणही इथे नाही. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की प्रश्न ८ मधलं क्षमेबद्दलचं उत्तर वाचून कुणीही मार खायला त्या घरात परत जाऊ नये.

२. देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर त्याने मारेकऱ्याचा हात का धरला नाही?

"देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आणि माणसाने त्याची माती केली," हे उत्तर चर्चचे जुने धर्मपंडित ऑगस्टीन यांच्या काळापासून, म्हणजे सोळाशे वर्षं दिलं जातंय. ते खोटं नाही. बायबलमधला पहिला मृत्यूच खून आहे. काइन भावाला शेतात नेतो. त्याआधी देव त्याच्याशी बोलतो, पाप दाराशी टपून बसलंय म्हणून सावध करतो, पण त्याचा हात धरत नाही. नंतर मात्र म्हणतो की तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरड करतंय.

पण पोटचं पोर गमावलेल्या आईला हे उत्तर देऊन पाहा. "त्या माणसाचं स्वातंत्र्य माझ्या मुलीच्या जिवापेक्षा देवाला मोलाचं वाटलं का?" असं ती विचारेल आणि तिथे माझी बोलती बंद होते. शिवाय शास्त्रात देव काही वेळा मध्ये पडलेला दिसतो, मग इथेच का नाही? निरपराध असून सारं गमावलेल्या ईयोबाच्या, बायबलमधल्या, पुस्तकाच्या शेवटी देव वादळातून बोलतो, चार अध्याय बोलतो, पण "का?" याचं उत्तर देत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेपाशी या ठिकाणी युक्तिवाद फारसा नाही, एक घटना आहे. सत्ता आणि जमाव या दोघांनी मिळून एका निरपराध माणसाला, येशूला, शुक्रवारी भर दिवसा, सगळ्यांच्या देखत क्रुसावर मारलं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा प्रश्न तेव्हा त्याच्याच तोंडून निघाला, आणि त्या दुपारी त्याला उत्तर मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो मेलेल्यांतून उठला, ते देवाचं उत्तर होतं असं आम्ही मानतो. पण मधला शनिवार खोडून टाकायचा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही, आणि काही माणसं त्या शनिवारात वर्षानुवर्षं राहतात.

३. ही मेलेल्यांच्या किंवा समाजाच्या पापाची शिक्षा आहे का?

नाही. या पानावर इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळेल. पिलाताने काही गालीलकरांना ते यज्ञ करत असतानाच ठार केलं, ही बातमी लोक येशूकडे घेऊन आले. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून तोच म्हणाला, मी सांगतो, नाही. मग शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा दाखला देऊन त्याने तेच पुन्हा सांगितलं (लूक १३). पश्चात्ताप करा असंही तो म्हणाला, पण ते समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना.

हेरोदाने बेथलेहेमची बाळं मारली तेव्हाही मत्तय त्या बाळांच्या, त्यांच्या आईबापांच्या किंवा गावाच्या पापाचा शब्द काढत नाही. राहेल (इस्राएलची पूर्वज आई) आपल्या लेकरांसाठी रडते आहे आणि तिला सांत्वन नको आहे, हे यिर्मया संदेष्ट्याचं वचन तो लिहितो आणि थांबतो. पाश्चात्य परंपरेतल्या मंडळ्या या बाळांची आठवण २८ डिसेंबरला करतात, म्हणजे नाताळच्या ऐन आनंदात.

तरीही प्रत्येक घटनेनंतर कुणी ना कुणी उपदेशक पाप शोधून काढतोच. लक्ष देऊन ऐका, ते पाप हमखास त्याला आधीपासून न आवडणाऱ्या लोकांचंच निघतं.

४. हे शेवटच्या काळाचं चिन्ह आहे का?

युद्धं आणि युद्धाच्या आवया ऐकाल, पण घाबरू नका, एवढ्यात शेवट होणार नाही, असं येशूनेच सांगून ठेवलंय (मत्तय २४). प्रत्येक शतकातल्या ख्रिस्ती लोकांना आपलंच शतक शेवटचं वाटत आलंय. मृतांची नावं अजून समजलेली नसताना तारखांची गणितं मांडत बसणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं.

५. मला देवाचा प्रचंड राग येतोय. हे पाप आहे का?

स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. "किती वेळ, हे परमेश्वरा?" हा तिथला ठरलेला प्रश्न. संदेष्टा हबक्कूक तर आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की मी "जुलूम, जुलूम" म्हणून ओरडतोय आणि तू सोडवत नाहीस. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ते गाळावं असं कुणाला वाटलं नाही, ते तसंच आपल्या हाती आलं.

१३७व्या स्तोत्राबद्दल बऱ्याच जणांना प्रश्न पडतो. बाबेलच्या नदीकाठी रडणारी, कैद करून नेलेली यहूदी माणसं शेवटी शत्रूची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. हे आपल्या वाचनात का ठेवलंय? मी ते असं वाचतो: ज्यांची स्वतःची बाळं डोळ्यांदेखत मारली गेली असतील, त्यांच्या मनात हेच येणार. त्यांनी ते देवापुढे ओतलं आणि हातात तलवार घेतली नाही. मनात सूड उसळतो याची लाज वाटून प्रार्थना सोडण्यापेक्षा तो सूडच प्रार्थनेत बोललेला बरा. तो कृतीत उतरवायचा प्रश्न आला तर ९ आणि ११ पाहा.

६. प्रार्थनाच होत नाही. काय करू?

उसनी घ्या. विलापगीतं, २२वं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना. शब्द दुसऱ्याचे असले तरी चालतात. तेही जमत नसेल तर इतरांना तुमच्या वतीने प्रार्थना करू द्या आणि तुम्ही नुसते बसा. शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतःच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं पौलाने रोमकरांना लिहिलंय. कण्हणं प्रार्थनेत धरलं जातं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

७. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना भेटायला जायचंय. काय बोलू?

ईयोबाच्या मित्रांची आपण टिंगल करतो, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर चिडतो तो त्यांच्या भाषणांमुळे.

तेव्हा जा, बसा. मृताचं नाव घ्या, कारण लोक ते घ्यायचं टाळतात आणि घरच्यांना ते टाळणं बोचतं. "देवाची इच्छा", "तो आता चांगल्या ठिकाणी आहे", "देव सोसेल तेवढंच देतो" ही वाक्यं घरी ठेवून या. मित्र लाजराच्या कबरेपाशी त्याला जिवंत करायचंय हे येशूला ठाऊक होतं, तरी तो आधी रडला.

आणि काहीतरी हातांनी करा. सरकारी कागदपत्रांच्या रांगेत त्यांच्यासोबत उभे राहा, भांडी घासा, दारावर येणाऱ्या पत्रकारांना नम्रपणे परत पाठवा. पहिल्या आठवड्यात घरात माणूस मावत नाही आणि तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही, म्हणून तिसऱ्या महिन्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा.

८. ख्रिस्ती आहे म्हणून मला लगेच क्षमा करावीच लागेल का?

क्षमा टाळता येत नाही. येशूची आज्ञा स्पष्ट आहे. "लगेच" हा शब्द मात्र त्या आज्ञेत नाही.

दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स इथे एका बंदूकधाऱ्याने आमिश या साधेपणाने राहणाऱ्या, शांततावादी ख्रिस्ती समाजाच्या शाळेत दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच जणी गेल्या. त्याने स्वतःलाही संपवलं. काही तासांतच आमिश माणसं त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या दारी सांत्वनाला गेली, त्याच्या अंत्यविधीलाही हजर राहिली. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच चार्ल्स्टन शहराचं. १७ जून २०१५ रोजी तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने ठार केलं. त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. दोनच दिवसांनी न्यायालयात काही नातेवाइकांनी त्याला उद्देशून "मी तुला क्षमा करते" असं म्हटलं.

ही उदाहरणं खरी आहेत आणि ती वाचून मला आजही गप्प व्हायला होतं. पण ती अर्धीच सांगितली जातात. निकेल माइन्सच्या पालकांनी नंतर सांगितलं की क्षमा एकदा करून संपत नाही, ती रोज नव्याने करावी लागते. त्यांनी समुपदेशनही घेतलं. चार्ल्स्टनच्या कुटुंबांतल्या काहींनी आपल्याला हे जमत नाही असं उघड सांगितलं आणि काहींना त्यासाठी वर्षं लागली. त्या दोन दिवसांची गोष्ट जगभर गेली, या वर्षांची गेली नाही.

क्षमा म्हणजे सूड घ्यायचा हक्क देवाच्या हाती सोपवणं, असं मी समजतो. झालं ते काही नव्हतं असं म्हणणं, विसरणं, पुन्हा विश्वास टाकणं, मारेकऱ्याशी नातं जोडणं हे सगळं वेगळं आहे. त्यातलं काही पुढे कधी घडेलही, घडलंच पाहिजे असं नाही. आज तुम्हाला एवढंच म्हणता येत असेल की "देवा, मला क्षमा करायची इच्छासुद्धा होत नाही, ती तरी दे", तर ते पुरेसं आहे. आणि पीडिताला क्षमेसाठी घाई करणाऱ्या पाळकाला प्रश्न ७ वाचायला द्या.

९. क्षमा केली तर मग तक्रार, साक्ष, शिक्षा यांचा आग्रह सोडायचा का?

सोडायचा नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की स्वतः सूड घेऊ नका, आणि लगेच तेराव्यात सांगतो की वाईट करणाऱ्याला शिक्षा करणं हे अधिकाऱ्यांचं काम आहे. दोन्ही अध्याय एका दमात वाचावेत.

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुलं २३ जानेवारी १९९९च्या पहाटेआधी ओडिशात मनोहरपूर इथे गाडीत जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी जाहीर क्षमा केली. खटला त्यामुळे थांबला नाही, थांबायलाही नको होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९च्या ईस्टरला तीन चर्च आणि काही हॉटेलांत झालेल्या स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. तिथल्या कॅथलिक मंडळीने सूड घेऊ नका असं लोकांना बजावलं आणि त्याच तोंडाने वर्षानुवर्षं सरकारकडे जबाबदारीचा हिशेब मागितला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या सूचना असूनही हल्ले रोखले नाहीत म्हणून माजी राष्ट्राध्यक्षांना दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली.

साक्ष न देणं ही क्षमा नव्हे, पुढच्या बळीशी केलेली दगाबाजी आहे. मृत्युदंडाबाबत मात्र ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. माझं मत विरोधात आहे.

१०. आमच्या मंडळीतलं कुणीच गेलं नाही. तरी मारेकऱ्याला जाहीर क्षमा केल्याचं निवेदन काढावं का?

काढू नये. माझ्या मुलाला मारणाऱ्याला मी क्षमा करू शकतो. शेजारणीच्या मुलाला मारणाऱ्याला मी क्षमा केली तर मी तिची वस्तू परस्पर वाटून टाकली. मंडळीने शोक करावा, मदत करावी, न्याय मागावा, मारेकऱ्यासाठीही प्रार्थना करावी (वैऱ्यासाठी प्रार्थना करायची आज्ञा सगळ्यांनाच आहे). क्षमेचा शब्द ज्यांचा आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

११. जीव वाचवण्यासाठी हात उचलला तर तो विश्वासघात ठरतो का?

इथे ख्रिस्ती परंपरा दोन वाटांनी जाते आणि दोन्ही वाटांवर प्रामाणिक माणसं आहेत. मेनोनाइट आणि क्वेकर हे शांततावादी ख्रिस्ती पंथ म्हणतात, शिष्य पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगून येशूने सगळ्यांचीच शस्त्रं काढून घेतली. ऑगस्टीन, मध्ययुगातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस आणि त्यांच्या मागून येणारे बहुसंख्य म्हणतात, दुबळ्याच्या रक्षणासाठी, दुसरा उपाय उरला नसताना, गरजेपुरतंच बळ वापरणं हे प्रेमाचंच काम असू शकतं.

दुसऱ्या महायुद्धात दोन पाळकांपुढे हाच प्रश्न होता. फ्रान्समधल्या ल शांबों गावात आंद्रे त्रोक्मे यांनी शस्त्र न उचलता गावकऱ्यांसह हजारो निर्वासितांना आसरा दिला, त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. जर्मनीत डीट्रिख बॉनहॉफर, मुळात शांततावादी, हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले आणि ९ एप्रिल १९४५ला फाशी गेले. आपण केलं ते निष्पाप होतं असा दावा त्यांनी कधी केला नाही, अपराध अंगावर घेण्याचीच भाषा केली. मला स्वतःला ही भाषा पटते. समोर मुलं असतील आणि मारणारा येत असेल तर त्याला अडवा. मग जे घडलं त्याचा जल्लोष करू नका.

१२. जुन्या करारात देवच संहाराची आज्ञा देतो. मग आपण कुठल्या तोंडाने बोलायचं?

कनान देश लढून जिंकल्याची कथा सांगणारं यहोशवाचं पुस्तक वाचताना अवघडल्यासारखं होत नसेल तर काहीतरी चुकतंय. दुसऱ्या शतकात मार्कियन या शिक्षकाने जुना करारच काढून टाकायचा तोडगा सुचवला. मंडळीने तो नाकारला, आणि बरं केलं, कारण विलापाची स्तोत्रंही त्यासोबत गेली असती.

मग अर्थ कसे लावले गेले? तिसऱ्या शतकात ओरिगेन या धर्मपंडिताने या लढायांचा अर्थ मनातल्या पापाशी झुंज असा लावला. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात की "एकही जिवंत सोडला नाही" ही त्या काळातली युद्धवर्णनाची ठरीव अतिशयोक्ती होती. शास्ते हे लगेच पुढचं पुस्तक, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात न संपलेल्या कनानी लोकांची लांबलचक यादी आहे. काही जण म्हणतात की ती आज्ञा एका काळापुरती, एका जागेपुरतीच होती.

यातल्या कुठल्याही उत्तराने माझं पूर्ण समाधान होत नाही. पण एक कसोटी आहे: येशूने या मजकुराचं काय केलं? हे सगळं त्याला ठाऊक होतं, आणि त्यातून त्याने कुणालाही मारायची परवानगी काढली नाही. पुढे ज्यांनी ती काढली, त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

१३. मारणारेच ख्रिस्ती असतील तर?

हा प्रश्न टाळून बाकीच्या उत्तरांना काही किंमत नाही. १०९९ मध्ये क्रूसवीरांनी यरुशलेममध्ये मुसलमान आणि ज्यू कापले. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये संत बार्थलोम्यूच्या सणाच्या दिवशी कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट मारले. आणि १९९४ मध्ये बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या रवांडात सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. बहुतेक मृत अल्पसंख्य तुत्सी होते, मारणारे बहुसंख्य हुतू. आसरा मिळेल म्हणून त्यांतले कितीतरी चर्चमध्ये शिरले आणि तिथेच मेले. न्यामाता आणि न्तारामाची चर्च आज स्मारकं आहेत. न्यांगे गावात तर आत माणसं असताना चर्चवर बुलडोझर घातला गेला आणि तिथल्याच फादरला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली.

"ते खरे ख्रिस्ती नव्हते" असं म्हणून सुटता येत नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, त्यांनी प्रभुभोजन घेतलं होतं, त्यांना आपल्यासारखीच गीतं पाठ होती. मग चुकलं काय? माझ्या मते, बाप्तिस्म्याने मिळालेली ओळख वंशाच्या ओळखीच्या वर कधी गेलीच नाही आणि मंडळीने तसा आग्रहही धरला नाही. तिची सत्तेशी सलगी होती. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मंडळीच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. घटनेनंतर तेवीस वर्षांनी.

त्याच न्यांगेत मार्च १९९७ मध्ये हल्लेखोर शाळेत शिरले आणि हुतू-तुत्सी वेगळे व्हा म्हणाले. आम्ही सगळे रवांडाचेच आहोत, असं म्हणून मुलं जागची हलली नाहीत. त्यातली काही मारली गेली.

१४. हल्लेखोर दुसऱ्या धर्माचे असतील तर त्या समाजाशी कसं वागायचं?

शोमरोनी लोक म्हणजे यहूद्यांना परके आणि वैरी वाटणारे शेजारी. त्यांच्या एका गावाने येशूला आसरा नाकारला तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान म्हणाले, स्वर्गातून अग्नी पाडून यांना भस्म करू का? येशूने त्यांनाच दटावलं. हा लूकचा नववा अध्याय. दहाव्यात तो जखमी परक्याला मदत करणाऱ्या एका चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो. मध्ये फारशी पानं नाहीत.

स्वतःला तपासायला एक साधा उपाय आहे. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ नमाजी मारले गेले. जेमतेम पाच आठवड्यांनी श्रीलंकेत ईस्टरचे स्फोट झाले. आपल्या मंडळीच्या प्रार्थनेत दोन्ही घटना आल्या होत्या का, आणि सारख्याच आवाजात?

१५. चर्चमध्ये मेलेल्या सगळ्यांना रक्तसाक्षी (विश्वासासाठी जीव दिलेले) म्हणायचं का?

फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर ज्या २१ जणांचे गळे चिरले गेले, त्यात वीस इजिप्तचे कॉप्ट, म्हणजे तिथल्या प्राचीन चर्चचे, मजूर होते आणि एक घानाचा. कॉप्टिक चर्चने त्यांना रक्तसाक्षी म्हणून गौरवलं आणि २०२३ मध्ये कॅथलिक चर्चनेही त्यांची नावं आपल्या यादीत घेतली. ख्रिस्ती म्हणून त्यांना निवडलं गेलं होतं आणि मरताना त्यांच्या ओठांवर येशूचं नाव होतं.

ईस्टरच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) आईच्या मांडीवर मेलेल्या बाळाने काही कबूल केलं नव्हतं. तसं पाहिलं तर बेथलेहेमच्या बाळांनीही नाही, आणि मंडळी त्यांना रक्तसाक्षींत मोजते. तेव्हा शब्दाबाबत कंजुषी नको. फक्त त्या शब्दाने घरच्यांचं तोंड बंद करू नका. रक्तसाक्षीची आईसुद्धा रडते.

१६. उपासनेला जायची भीती वाटते. विश्वास कमी पडतोय का?

पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसले होते. येशू तिथेच आत आला आणि "तुम्हांस शांती असो" म्हणाला. दारं का लावलीत असं त्याने विचारलं नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, हेही त्याचंच सांगणं.

श्रीलंकेत ईस्टरनंतर रविवारच्या मिस्सा काही काळ बंद ठेवल्या गेल्या आणि लोकांनी घरी बसून दूरदर्शनवर मिस्सा पाहिली. चार्ल्स्टनला पुढच्याच रविवारी उपासना झाली आणि पुढच्या बुधवारी बायबल अभ्यासही. मला दोन्ही बरोबर वाटतात. दाराशी पहारा ठेवा, बाहेर पडायचे मार्ग सगळ्यांना दाखवा. झोप महिनोन्‌महिने उडाली असेल, आवाजाने अंग कापत असेल, तर डॉक्टरकडे जा, औषध घ्या. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. देव त्याच्याशी बोलला तो चाळीस दिवसांनी.

१७. लहान मुलांना काय सांगायचं?

थोडं, पण खरं. "देवाला आवडली म्हणून त्याने नेली" हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं आहे. ते मुलांपुढे तरी वापरू नका. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की मारणारा देव होता आणि उद्या मीही त्याला आवडेन. "एका माणसाने फार वाईट केलं, देवालाही त्याचं दुःख झालंय, आम्ही तुझ्याजवळ आहोत." बाकीचं मूल विचारेल तसं. टीव्ही बंद ठेवा. तीच दृश्यं पुन्हा दिसली की लहान मुलाला घटना पुन्हा घडल्यासारखी वाटते.

१८. मी वाचलो, शेजारचा गेला. "देवाने मला वाचवलं" अशी साक्ष द्यावी का?

प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय. हेरोद (बेथलेहेमच्या बाळांना मारणारा नव्हे, त्याचा नातू) प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो. मग पेत्राला पकडतो, आणि रात्री देवदूत येऊन पेत्राच्या बेड्या सोडवतो. तोच राजा, तीच मंडळी. पेत्रासाठी प्रार्थना झाली होती आणि याकोबासाठी कुणी केली नसेल? लूक काही खुलासा करत नाही.

आभार मानायला हरकत नाही. पण याकोबाची आई समोरच्या बाकावर बसली आहे असं धरून बोला. "देवाने मला वाचवलं कारण…" यातल्या "कारण"पाशी थांबा. आणि आपण जगलो याचीच बोच लागत असेल तर ती कुणाजवळ तरी बोला. जगणं हा गुन्हा नाही.

१९. मारेकऱ्याची आई आमच्याच मंडळीत आहे. काही जण म्हणतात, तिने येऊ नये.

तिनेही मुलगा गमावला आहे आणि तिच्याकडे सांत्वनाला कुणी गेलेलं नाही. निकेल माइन्सला आमिश माणसं मारेकऱ्याच्या घरच्यांकडे गेली, लोकांनी पाठवलेल्या मदतीतला वाटाही त्याच्या बायकोला दिला. पुढे त्याची आई त्या गोळीबारात सर्वांत जास्त जायबंदी झालेल्या मुलीची सेवा करायला आठवड्यातून एकदा जात राहिली. पण हे त्या मुलीच्या घरच्यांनी दार उघडलं म्हणून शक्य झालं.

तुमच्या मंडळीत बळींच्या घरचेही असतील तर त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. तिला समोर पाहणं त्यांना आज सहन होत नसेल तर तो त्यांचा दोष नाही. दोन वेगळ्या वेळांना उपासना ठेवता येते. तिच्या घरी जाऊन प्रभुभोजन देता येतं. वडीलजनांपैकी दोघांनी या रविवारी तिच्याकडे जावं, बसावं आणि तिच्या मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव घेऊन प्रार्थना करावी. ते नाव घ्यायला तिथे आता दुसरं कुणी उरलेलं नाही.